तीन दगडांची वहिवाट

वादातल्या जमिनीच्या मोजणीला गेलं की कुठल्याही बाजूचा चहा घ्यायचा नाही, असा आण्णांचा नियम होता. आण्णा म्हणजे माझे वडील. आटपाडी तालुक्यात तीस वर्षं भूकरमापक होते. मे महिन्यात माळावर जीव कासावीस व्हायचा, दोन्हीकडचे भाऊबंद पेले भरून उभे असायचे, आणि आण्णा पिशवीतली बाटली काढून कोमट पाणी प्यायचे. "एका घोटानं रेघ इंचभर सरकते," म्हणायचे. मी शिकून भौतिकशास्त्रज्ञ झाले, पण नशिबी शेवटी मोजणीच आली. आण्णांचा बांध वीतभर रुंदीचा असायचा. माझा निघाला नऊशे किलोमीटर लांबीचा.

हा बांध वाळूचा आणि दगडगोट्यांचा आहे, दोन पुरुष उंच. त्याच्या पश्चिमेला उत्तरेच्या राज्याचं सैन्य आणि पूर्वेला वाळवंटी कुळांचे तंबू. जगाच्या नकाशात या मुलखाभोवती तुटक रेघ असते, म्हणजे कुणी विचारलंच तर काखा वर करता येतात. उत्तरेचं राज्य त्याला 'दक्षिण प्रांत' म्हणतं, कुळं म्हणतात 'सात विहिरी'. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी उत्तरेनं बांध घातला आणि विहिरी आपल्याकडे घेतल्या. शेजाऱ्याच्या रानात बांध सरकवण्याची विद्या फक्त आपल्याच गावात आहे असा माझा समज होता, तो इथं आल्यावर फिटला.

गेल्या वर्षी मोठ्या खटपटीनं करार झाला. बांध घालण्याआधी पश्चिमेला कोण राहत होतं हे सिद्ध करायचं. एखाद्या कुळाची एक जरी जुनी चूल तिकडे सापडली, तर त्या कुळाचं नाव मतदारयादीत जाईल. आणि जितक्या विहिरींपाशी चुली सापडतील तितका मुलूख त्यांच्या पंचायतीकडे जाईल. करारातलं हे कलम दीड पानी आहे. आण्णांना फोनवर समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे वहिवाटच की." मग विचारलं, "चहा घेतलास का कुणाचा?"

"पाणीसुद्धा नाही," मी म्हटलं.

चूल किती जुनी हे ठरवायला माझं यंत्र होतं. माझं आणि सबनीस सरांचं.

त्याची विद्या सांगते, अवघड नाही. वाळूचा कण म्हणजे बहुतेक वेळा क्वार्ट्झचा, गारगोटीचा बारीक स्फटिक. जमिनीत नैसर्गिक किरणोत्सार असतो, अगदी थोडा, पण अखंड. त्याच्या माऱ्यानं स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि स्फटिकातल्याच बारीक दोषांमध्ये अडकून बसतात. कण जितकी वर्षं अंधारात, तितके अडकलेले जास्त. त्याच्यावर ऊन पडलं किंवा तो आगीत तापला की सगळे मोकळे होतात आणि पाटी कोरी होते. ठरावीक रंगाचा प्रकाश टाकला, की अडकलेले सुटताना इवलासा उजेड देतात. तो मोजला की कण शेवटचा कधी तापला किंवा उन्हात आला ते कळतं. पूर्वी या कामाला महिने लागायचे आणि उत्तरात शे-दोनशे वर्षांची चूक सहज असायची. आमचं यंत्र एकेक कण वेगळा वाचतं, भोवतालचा किरणोत्सार जागेवरच मोजतं आणि चाळीस मिनिटांत साल सांगतं. दोन वर्षं इकडे किंवा तिकडे. शिलाईयंत्राएवढी पेटी आहे. जमिनीचा उतारा देतो म्हणून सरांनी त्याचं बारसं केलं 'तलाठी'.

विश्राम सबनीस हे माझे गुरू. आटपाडीहून मी पुण्यात आले तेव्हा वसतिगृहात जागा नव्हती. चार महिने सरांच्या घरी राहिले, सुमित्राकाकूंच्या हातचं जेवले. आता सर सीमा आयोगाचे तांत्रिक प्रमुख होते आणि मी, डॉ. हर्षदा गळवे, त्यांची मैदानावरची मोजणीदार.

* * *

बांधाच्या पश्चिमेला जायचं तर दोन्ही बाजूंचे साक्षीदार आणि पंधरा दिवस आधी परवानगी लागते. म्हणून आधी पूर्वेच्या बाजूला, कुळांच्या ताब्यातल्या पट्ट्यात सराव केला. बनी तमार नावाच्या कुळानं मला आपल्या सोडलेल्या जुन्या चुली दाखवल्या. तीन काळे दगड आणि मधे खळगा. नियम असा, की चुलीच्या मधली, राखेखालची भाजलेली वाळू घ्यायची. मी घेतली आणि तलाठ्यात घातली. उत्तर आलं शून्य. दुसरी चूल, शून्य. नऊ चुली पाहिल्या, नवांचंही शून्य. यंत्राच्या मते त्या वाळवंटात कधी कुणी भाकरी भाजलीच नव्हती.

मला राग आला. दिवसभर उन्हात रापल्यावर माणूस न्यायी राहत नाही. हे लोक भलतेच दगड मांडून मला बनवतायत असं मी मनाशी धरलं आणि जाब विचारायला कुळाच्या सर्वांत थोर बाईच्या तंबूत गेले. तिचं नाव सल्का. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटक, डोळे घारीचे.

माझ्या कानात दुभाषी यंत्र होतं. ते इतकं शुद्ध मराठी बोलायचं की सल्का, "कृपया आसनस्थ व्हावे," असं म्हणाली आणि मला हसू आवरेना. कशाला हसले म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं, तीही हसली. रागाचा पार विचका झाला. त्या संध्याकाळी मी दुभाष्याला आण्णांची आणि माझ्या मेंढरं राखणाऱ्या चुलत्यांची जुनी बोलणी ऐकवली. दुसऱ्या दिवसापासून सल्का माणदेशी बोलायला लागली.

"काय गं पोरी, आज तरी चा घेशील का न्हाय?"

"मावशी, माझ्या बापानं बजावलंय, मोजणीला गेल्यावर चहा घ्यायचा नाही."

"बाप शाणा हाय तुजा. पर हितं तो उनात बसला न्हाय. घे."

मी घेतला. परक्या बाईच्या तोंडात घरची बोली आली की माणूस सैल पडतं. तिथली रीत तीन पेल्यांची आहे, मी तीनही घेतले. फोनवर आण्णांना मात्र पाणीसुद्धा नाही असंच सांगत राहिले.

चुलींचं कोडं तिसऱ्या दिवशी सुटलं. सल्काच्या शेळ्यांना चारा उरला नव्हता, म्हणून तंबू हलवायचा होता. सामान उंटांवर चढलं. सगळं आवरल्यावर सल्का चुलीपाशी बसली. हातानं राख काढली, त्याखालची भाजून लाल झालेली वाळू ओंजळीनं उपसली आणि चारी दिशांना उधळली. मग तिन्ही दगड एकेक करून पालथे घातले. काजळी धरलेली बाजू खाली, वाळूत नीट दाबून. स्वच्छ बाजू आभाळाकडे.

"हे काय, मावशी?"

"मग? चूल अशीच सोडून जायाची? आग कुणाच्या बापाची नस्ती. माज्या मागं जो यील त्यानं म्हनायला नको की ही सल्काची चूल, हितं आपल्याला बसता येत न्हाय. राख वाऱ्याला द्यायची, दगडाचं काळं त्वांड झाकायचं. लेकराला निजवावं तसं." ती हात झटकत उठली. "तुमच्यात न्हाय करत?"

आमच्यात मेंढरांचा वाडा उठला की चुलीचे दगड तसेच काळ्या तोंडानं बसून राहतात. माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. मी मोजलेली वाळू चुलीची नव्हतीच, खळग्यात नंतर वाऱ्यानं भरलेली उन्हातली होती. ज्या लोकांनी जमिनीवर आपलं नाव ठेवायचं नाही अशी रीत पाळली, त्यांच्याकडे आम्ही नावाचा पुरावा मागत होतो. बांधाच्या बाजूला सैनिकांनी जागोजागी पेटवलेल्या शेकोट्या मात्र जशाच्या तशा होत्या. तलाठ्यानं त्यांचं साल बिनचूक सांगितलं असतं.

मी नऊपैकी पहिल्या चुलीकडे पळत गेले. दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बेसॉल्ट. त्यात क्वार्ट्झ नसतो, म्हणून दगडाकडे मी पाहिलंच नव्हतं. पण काजळीत वाळू भाजून चिकटलेली असते. ते कण शेवटच्या आगीत तापले, पाटी कोरी झाली, आणि त्याच दिवशी दगड पालथा पडल्यामुळे अंधारात गेले. तेव्हापासून ते वर्षं मोजत बसले होते. अंगावर काळी चादर घेऊन दगडाखाली हात घातला, काजळी खरवडली, आणि पेटीशेजारी चाळीस मिनिटं बसून राहिले.

एकतीस वर्षं.

सल्काला विचारलं. तिनं बोटं मोजली आणि म्हणाली, "माजी धाकटी व्हायच्या साली. एकतीस."

बाकीच्या आठही चुलींची वर्षं जुळली. राख मिटवायची रीत हीच या लोकांची मोहर निघाली. पालथे दगड घालणारं दुसरं कुळ त्या वाळवंटात नव्हतं. मी उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या.

* * *

आता हव्या होत्या पश्चिमेच्या चुली. त्या कुठं आहेत हे सैन्याला माहीत नव्हतं आणि कुळातल्या पुरुषांनाही नाही. बनी तमारच्या बायका मुक्कामांची एक माळ पाठ म्हणतात. या विहिरीपासून सूर्य डाव्या खांद्यावर ठेवून अर्धा दिवस, मग पांढरी खडी, मग आईची चूल, मग मावशीची चूल. आई ती मुलीला देते, मुलगी पीठ मळायला शिकते त्या वयात. बाहेरच्या माणसाला आजवर कुणी दिलेली नव्हती.

मी ती सल्काकडे मागितली. तिसऱ्या दिवशी तिनं मला पीठ मळायला बसवलं.

"ऐक," ती म्हणाली. "ही माळ म्हंजी आमचं घर हाय. बांधापल्याड गेलो न्हाय त्याला अठ्ठावन वरसं झाली, पर रोज म्हनतो, म्हंजी रोज तिथनं चालत जातो. तुला देते. कुनाला देशील?"

"आयोगाला द्यावीच लागेल, मावशी. त्याशिवाय तुमचं नाव यादीत येणार नाही."

"कागदाला दे. मान्साला देऊ नगं."

मी शब्द दिला. ती तीन दिवस म्हणत होती आणि मी उपग्रहाच्या नकाशावर खुणा करत होते. तीनशे अकरा चुली झाल्या, सहा विहिरींभोवती.

"मुलखाचं नाव सात विहिरी ना? सातवी?"

"सातवी आटली," सल्का म्हणाली आणि माझ्या परातीत डोकावली. "पीठ सैल झालं बग तुजं."

सरांना मी त्याच दिवशी फोन केला. आनंदानं सगळं एका दमात सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "हर्षदा, बाळा, केवढं मोठं काम केलंस तू. पण ही यादी आयोगाच्या दप्तरी नोंदवलीस की नियमाप्रमाणे त्याच दिवशी दोन्ही पक्षांना प्रत जाते. उत्तरेला म्हणजे सैन्याला. पंधरा दिवस त्यांच्या हातात तीनशे चुलींचा नकाशा. काय होईल?"

मला तोवर सुचलंच नव्हतं.

"मेलवर नको पाठवूस, मेल कुणीही वाचतं. कागदावर काढ. गुरुवारी मी तिकडे येतोच आहे, मोहोरबंद पाकिटात माझ्याकडे ठेवतो. पश्चिमेला जायच्या दिवशी सगळ्यांदेखत उघडू. परवानगीसाठी फक्त पट्टा कुठला ते सांगू."

इतकं पटलं मला ते. सल्कानं सांगितलं होतं माणसाला देऊ नकोस, पण सर काय कुणी परके होते? गुरुवारी ते आले. काकूंनी दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन आले. मी माझ्या हातानं काढलेला नकाशा त्यांच्या हातात दिला आणि दुपारी चटणी लावून भाकरी खाल्ली.

* * *

सोळाव्या दिवशी बांधातलं फाटक उघडलं. दोन गाड्या निघाल्या. सर आले नाहीत; पाकीट सुनावणीत उघडू, असा त्यांचा निरोप होता. माझ्या गाडीत कुळाची साक्षीदार म्हणून सल्का होती, मागच्या गाडीत उत्तरेचा एक कप्तान. फाटकातून जाताना सल्कानं काच खाली केली आणि हात बाहेर काढला. अठ्ठावन्न वर्षांनी ती त्या वाऱ्याला हात लावत होती. तिनं माळ म्हणायला सुरुवात केली, हळू आवाजात, आणि पहिल्यांदाच खरोखरच्या खुणा शब्दांमागोमाग येत गेल्या. पांढरी खडी आली. वाकडा बाभळीसारखा खुंट आला. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला कोपरानं ढोसत होती. "आता बग, त्या उंचवट्यामागं. माज्या आईची."

उंचवट्यामागं तीन दगड होते. काळं तोंड वर करून.

मला आधी कळलंच नाही. वाटलं ही दुसऱ्या कुणाची चूल असेल. सल्का खाली उतरली आणि दगडापाशी उभी राहिली. काजळी उन्हात चकाकत होती. शेजारी वाळूत प्रत्येक दगडाचा जुना खळगा अजून पुरता बुजला नव्हता.

मी काजळी खरवडून तलाठ्यात घातली. कण शेवटचे उन्हात कधी आले? उत्तर आलं शून्य, म्हणजे आता, याच उन्हात. सकाळी दगड उलटायचा, ऊन पडू द्यायचं, झालं. पन्नास-साठ वर्षं जमवलेलं एका दिवसात सुटून जातं. सुरुंग नको, बुलडोझर नको, एक दगडसुद्धा फोडायला नको.

पुढची चूल, तशीच. तिच्या पुढची, तशीच. दुसऱ्या विहिरीपाशी गेलो, तिसऱ्या. बारा दिवसांत आम्ही तीनशे अकरा ठिकाणी गेलो. एकही सुटली नव्हती. माझ्या नकाशातल्या एका खुणेत दोनशे पावलांची चूक होती. तिथं माझ्या चुकीच्या खुणेपासून खऱ्या चुलीपर्यंत बुटांचे ठसे होते, शोधून शोधून काढल्याचे. माझी चूक धरूनच ते चालले होते. नकाशा माझा होता.

सल्काची माळ पहिल्याच चुलीपाशी थांबली होती.

* * *

सुनावणी फाटकापाशी उभारलेल्या मोठ्या तंबूत झाली. मी सगळे आकडे मांडले. सगळ्या चुलींचे दगड नुकतेच उलटले गेलेत, शेजारचे न बुजलेले खळगे ते ओरडून सांगतायत, हा उघड पुरावा नष्ट करण्याचा प्रकार आहे, म्हटलं.

आयोगाचे अध्यक्ष थंड देशातले गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "ही ठिकाणं कुणाला माहीत होती?"

"मला. आणि डॉ. सबनीसांना. मी नकाशा त्यांना दिला होता."

सगळ्यांच्या माना सरांकडे वळल्या. सर चष्मा पुसत होते. "माझ्याकडे कुठलाही नकाशा आलेला नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "तो दप्तरी नोंदवणं डॉ. गळवे यांचं कर्तव्य होतं. त्यांनी ते का केलं नाही, हे मला सांगता येणार नाही."

कप्तान उठला. उत्तरेचं म्हणणं त्यानं थोडक्यात मांडलं. ठिकाणं फक्त या बाईंना ठाऊक, कुळाच्या तंबूत यांचं रोजचं चहापाणी, मग दगडांशी खेळ कुणी केला असेल? पुरावा उभा करायला गेल्या आणि बिघडवून बसल्या.

बाकांवर बनी तमारच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्या कानातल्या दुभाष्यांनी त्यांना काय सांगितलं ते मला कळत होतं. त्यातल्या एकीनंही माझ्याकडे पाहिलं नाही.

आयोगानं नोंद केली, 'बांधाच्या पश्चिमेस बनी तमार कुळाची वहिवाट: शून्य.' आणखी पुरावा असल्यास पंधरा दिवसांची मुदत दिली. माझी चौकशी लागली.

सरांना मी गाड्यांपाशी गाठलं. आता ते मराठीत बोलले, त्याच मऊ आवाजात.

"अगं, तीनशे चुली म्हणजे सहा विहिरी. जवळजवळ सगळा मुलूख. उत्तरेनं स्पष्ट सांगितलं होतं, एवढं गेलं तर आम्ही करारातून बाहेर. मग पुन्हा तोफा. या बायकांच्या नातवंडांवरच पडल्या असत्या ना? एक थेंब रक्त सांडलं नाही, हर्षदा. दगड तर उलटले फक्त."

"आणि मला का पुढं केलंत?"

"तुला काही होणार नाही. चौकशी दोन महिन्यांत बंद होईल, मी बघतो. करारानंतर इथं नेमतील त्या नव्या प्राधिकरणावर मी जातोय, तिथं तुझ्यासाठी जागा ठेवलीय."

"काकूंना सांगितलंत हे?"

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. गाडीत जाऊन बसले.

इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता, आणि त्याहून वाईट म्हणजे रडू येत होतं. या माणसानं मला कण वाचायला शिकवलं. चार महिने आपल्या ताटातलं खायला घातलं. सल्काच्या तंबूत चहा घेऊन मी आण्णांचा नियम मोडला, अशी मला उगीच चुटपुट लागून राहिली होती. नियम वीस वर्षांपूर्वीच मोडला होता, पुण्यात, आणि रेघ तिथून सरकली होती.

* * *

मुदतीतले दहा दिवस मी धाडस गोळा करण्यात घालवले. अकराव्या दिवशी सल्काकडे गेले. तंबू उतरवून झाला होता. उंट बसलेले होते, शेळ्या पुढं हाकलल्या होत्या. ती चुलीपाशी एकटी होती. चुलीवर किटली होती, पेले शेजारी उपडे होते. ती उठली नाही.

मी समोर वाळूत बसले आणि सगळं सांगितलं. नकाशा कुणाला दिला, का दिला, तो माणूस माझा कोण. काही झाकलं नाही. "मावशी, तू म्हणालीस माणसाला देऊ नकोस. मी दिली. चूक माझी आहे."

"व्हय," ती म्हणाली. "तुमचीच हाय."

दुभाष्यानं पहिल्यांदाच 'तुजी' सोडून 'तुमची' म्हटलं. बोलणाऱ्याच्या सुरावरून ते शब्द निवडतं. माझ्या चुलत्यांच्या आवाजातून शिकलेलं ते, चुकलं नव्हतं.

तिनं किटली उतरवली आणि उरलेलं पाणी वाळूत ओतून दिलं. मग राख काढली, भाजलेली वाळू उपसली, उधळली. दगडाला हात घालायला मीही पुढं वाकले. तिनं माझं मनगट धरलं आणि बाजूला केलं. जोरानं नव्हे. तापलेल्या भांड्यापासून लेकराचा हात बाजूला करावा तसं.

"ऱ्हाऊ द्या. तुमी नगा हात लावू."

पहिला दगड पालथा झाला. दुसरा झाला.

"सातवी विहीर आटलेली नाही," मी म्हटलं. हा अंदाज होता.

सल्का थांबली. "आटली. पर चूल हाय तिथं. एकच. माजा जलम झाला तिथली." तिनं तिसरा दगड उचलून मांडीवर घेतला. "माळ दुसऱ्याला देताना एक मनी मुठीत ठेवायचा, असं आई सांगायची. मला वाटत हुतं तुमाला तोबी देईन. फाटकातनं आत गेलो ना, तवा मनात ठरीवलंबी हुतं."

"एक पुरेल, मावशी! कलमात तसंच आहे. एक चूल सापडली तरी कुळाचं नाव यादीत लागतं. मुदतीचे चार दिवस आहेत अजून. मी आजच अर्ज करते, स्वतः नेते तलाठी, कुणाला कळू देणार नाही—"

"अर्जात काय लिवनार?"

अर्जात ठिकाण लिहावं लागतं.

"बायांनी मला इच्यारलं," ती म्हणाली. "म्हनल्या, सांग, नाव तरी लागंल. मी इच्यार केला. सांगितलं तर दोन दिसांत तो दगड उनात पडंल. न्हाय सांगितलं तर तो तिथं हाय. अंधारात हाय, वरसं मोजतोय. माजी नात पीठ मळाय शिकतीया. तिला देईन. तिच्या वक्ताला एकांदा चांगला मोजनीवाला यील."

तिसरा दगड तिनं वाळूत दाबून बसवला, काळी बाजू खाली, वरून दोनदा थोपटला. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि उंटाकडे गेली. मागं वळून पाहिलं नाही.

त्या वाळवंटात एक चूल आहे. तिचं साल चाळीस मिनिटांत सांगणारी पेटी माझ्या मांडीवर होती, आणि ती चूल कुठं आहे हे जगात कुणाला सांगायचं नाही असं ठरलं असेल, तर ते मला. सल्काचं बरोबरच होतं. गाडीत बसून मी ओक्साबोक्शी रडले.

छावणीत पोचले तेव्हा आण्णांचा फोन आला. चौकशीचं त्यांच्या कानावर गेलं होतं, पण त्यांनी तो विषय काढला नाही. जेवण विचारलं, उन्हाचं विचारलं. मग सवयीनं म्हणाले, "चहा घेतलास का गं कुणाचा?"

"नाही आण्णा," मी म्हटलं. "आज कुणी विचारलाच नाही."